नाव विसरते, चाल राहते

डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईच्या मॉलमध्येही तीच दहा-बारा इंग्रजी गाणी फिरून फिरून वाजू लागतात. खरेदीला आलेल्याला त्याचे काही वाटत नाही. काउंटरमागे दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलीला मात्र ती जानेवारीपर्यंत नकोशी झालेली असतात. पण ज्यांच्या घरात नाताळ हा खरोखरचा सण आहे, मग ते घर वांद्र्यातले असो, वसईतले, मडगावातले किंवा शिकागोतले, तिथे ही गाणी निराळेच काम करतात. पहिल्या चार सुरांत साठीचा माणूस नऊ वर्षांचा होतो. आईच्या हाताचा पिठाचा वास, चर्चला जाताना घातलेले नवे, चावणारे बूट, आता हयात नसलेल्या काकांचा बेसूर आवाज, हे सगळे न बोलावता येऊन उभे राहते.

हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की तो हळवेपणाच्या खात्यात टाकून आपण मोकळे होतो. वैद्यकाने मात्र त्याकडे एकेकाळी फार गंभीरपणे पाहिले होते. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्दच मुळात एका डॉक्टरी प्रबंधातला आहे. 1688 साली बाझल इथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घरापासून दूर असलेल्या स्विस माणसांना जडणाऱ्या आजारासाठी तो घडवला. झोप उडते, भूक जाते, ताप येतो, माणूस खंगतो, अशी त्याची लक्षणे मांडली. पुढे 1768 मध्ये रूसोने आपल्या संगीतकोशात नोंदवले की, स्विस गुराख्यांची एक चाल परदेशी चाकरीतल्या स्विस सैनिकांसमोर वाजवायला बंदी होती. ती ऐकली की सैनिक रडत, पळून जात. रोग म्हणून नॉस्टॅल्जिया केव्हाच बाद झाला. गाण्याने माणूस हलतो, हे निरीक्षण मात्र खोटे नव्हते.

नाताळच्या गाण्यांपुरते बोलायचे तर सर्वांत मोठे उदाहरण 'व्हाइट ख्रिसमस'चे. ते रचणारे आयर्विंग बर्लिन ज्यू होते. 1888 मध्ये रशियन साम्राज्यात जन्मले आणि लहानपणीच अमेरिकेत आले. 1928 च्या 25 डिसेंबरला त्यांचा अवघ्या तीन आठवड्यांचा मुलगा गेला. म्हणजे जगभर ज्या गाण्यावर कुटुंबे एकत्र येतात, त्याच्या कर्त्याच्या घरी नाताळ हा त्या बाळाचा स्मृतिदिनही होता. गाण्याची सुरुवातीची, सहसा गाळली जाणारी ओळ कॅलिफोर्नियातली आहे: ऊन, ताडाची झाडे आणि दूर राहिलेल्या बर्फाची ओढ. बिंग क्रॉस्बी यांनी ते 1941 च्या नाताळला रेडिओवर गायले तेव्हा पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला तीन आठवडेही झाले नव्हते. 1942 मध्ये ध्वनिमुद्रिका निघाली आणि परमुलखात लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांनी ती उचलून धरली. गाण्यात ना युद्ध, ना देश, ना येशू. आहे ती फक्त पूर्वीसारख्या एका सणाची इच्छा. प्रत्येकाने त्या रिकाम्या जागेत आपापले घर बसवले.

1975 च्या एप्रिलअखेर सायगाव शहर पडत असताना हेच गाणे अमेरिकी रेडिओवर वाजले. शहरातल्या अमेरिकनांनी तातडीने बाहेर पडावे, असा त्याचा ठरलेला सांकेतिक अर्थ होता. त्या दिवशी तिथे असलेल्या माणसाला या चालीने आजी आठवेल की हेलिकॉप्टर, हे गाण्यात लिहिलेले नसते. गाणे ही नुसती किल्ली असते. कुलूप ज्याचे त्याचे.

ही किल्ली इतकी अचूक का लागते, याचे एक साधे कारण आहे. एखादी खूण जितक्या जास्त प्रसंगांना चिकटते तितकी ती कुठलाच एक प्रसंग नेमका वर काढू शकत नाही. वर्षभर रिक्षात, लग्नात, शेजारच्या टीव्हीवर ऐकू येणारे गाणे असे पातळ होत जाते. नाताळचे गाणे मात्र वर्षातून तीन-चार आठवडेच भेटते, तेही त्याच थंडीत, त्याच पदार्थांच्या वासात, त्याच माणसांत. उरलेले अकरा महिने ते बंद पेटीत राहते. शिवाय ते दरवर्षी नेमाने परत येते. म्हणजे उजळणी तर होते, पण अतिपरिचय होत नाही. स्मरणशक्तीसाठी याहून चांगले वेळापत्रक एखाद्या शिक्षकाला आखता आले नसते. आपल्याकडे गणपतीच्या आरत्यांचे नेमके हेच होते. दहा दिवसांत घासून पाठ होतात, मग वर्षभर कुणी त्यांचे नाव काढत नाही, आणि पुढच्या चतुर्थीला एकही शब्द अडत नाही.

वयाचाही भाग आहेच. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी इतर काळापेक्षा जास्त दाट आढळतात, आणि गाण्यांबाबत हा उंचवटा किशोरवयाकडे अधिक झुकलेला असतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात कॅरोल क्रुमहान्सल आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2013 मध्ये याला एक गमतीदार पुरवणी जोडली. विशीतल्या मुलांना स्वतःच्या काळातल्या गाण्यांप्रमाणेच आईवडिलांच्या तारुण्यातली गाणीही आठवणींसकट जवळची वाटत होती. घरात वाजले ते मुरले. नाताळच्या गाण्यांची यादी ऐंशी वर्षांत फारशी का बदलत नाही, याचे उत्तर बाजाराइतकेच या घरगुती वारशातही असावे.

मेंदूत नेमके काय घडते? कॅलिफोर्नियातले संशोधक पीटर जनाटा यांनी विद्यार्थ्यांना त्यांच्या लहानपणीच्या आणि किशोरवयातल्या लोकप्रिय गाण्यांचे तुकडे ऐकवले. साधारण तीस टक्के तुकड्यांनी काही ना काही खासगी आठवण जागी केली. 2009 च्या त्यांच्या अभ्यासात अशा वेळी कपाळामागचा, मेंदूच्या मध्यरेषेलगतचा भाग अधिक काम करताना दिसला. चाल, भावना आणि 'हे माझे आहे' ही जाणीव तिथे एकत्र येते, असे त्यांचे म्हणणे. अल्झायमरमध्ये मेंदूचा हा भाग तुलनेने उशिरा झिजतो. नव्या आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस मात्र आधीच जातो. सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पण शाळेतल्या नाताळातले गाणे कडव्यांसह येते, यात म्हणून विरोधाभास नाही.

2015 मध्ये लाइपझिगच्या संशोधकांनी आणखी पुढे जाऊन दाखवले की, फार पूर्वीपासून माहीत असलेले संगीत ओळखताना मेंदूचे जे भाग काम करतात ते अल्झायमरमध्ये बरेचसे शाबूत राहतात. या अभ्यासाचा हवाला वारंवार दिला जातो, म्हणून एक खुलासा हवा. त्यांनी ते भाग निरोगी तरुणांत शोधले आणि मग रुग्णांच्या मेंदूच्या स्कॅनशी ताडून पाहिले. रुग्णांना गाणी ऐकवून घेतलेली ती परीक्षा नव्हती. निष्कर्ष पटण्याजोगा आहे, पण 'संगीत अल्झायमरला हरवते' हा मोबाइलवर फिरणारा मथळा त्यातून निघत नाही.

गाणे नुसते ऐकायचे नसते, म्हणायचेही असते, आणि म्हणणे ही जीभ-ओठ-श्वासाची सवय आहे. सायकल चालवण्यासारखी. यमक आणि ताल पुढचा शब्द जवळपास ठरवूनच ठेवतात. 18व्या शतकात स्वीडनमध्ये अशा एका रुग्णाची नोंद झाली: उजवी बाजू लुळी, बोलणे जवळजवळ बंद, पण आजारापूर्वी शिकलेली चर्चमधली स्तोत्रे तो गाऊ शकत असे. पक्षाघाताच्या वॉर्डात काम केलेल्या कुणालाही हे नवल नाही. याच निरीक्षणावर 1970 च्या दशकात बोस्टनमध्ये गुणगुणत बोलायला शिकवणारी उपचारपद्धती उभी राहिली.

आता मुद्दा. भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा 2023 चा अंदाज आहे. म्हणजे शंभरात सातांहून अधिक. या माणसांशी घरात रोज काय बोलले जाते? 'मी कोण, ओळखलंस का? आज वार कोणता? सुनेचं नाव सांग बघू.' प्रेमापोटीच विचारले जाते, पण ही तोंडी परीक्षा आहे आणि ती रोज नापास होण्यासाठीच घेतली जाते. नाव आठवले नाही हे रुग्णाला कळते. चेहरा पडतो, मग चिडचिड होते, मग 'आजकाल फार हट्टी झालेत' अशी तक्रार ओपीडीत येते. नावे हा या आजारात आधी ढासळणारा कोपरा. जो कोपरा उभा आहे तिथे जाऊन बसायला काय हरकत आहे? ज्या आजीला नातवाचे नाव सांगता येत नाही, ती त्याच नातवाच्या हाताला धरून नाताळचे गाणे म्हणू शकते. त्या तीन मिनिटांत ती कुठल्याही प्रश्नाचे चुकीचे उत्तर देत नसते.

याचा फायदा किती, हेही सरळ सांगायला हवे. उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या 2018 च्या आढाव्यात संगीतावर आधारित उपचारांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांतील उदासी बहुधा कमी होते आणि एकूण वागणुकीतले त्रासही हलके होतात, असे दिसले. स्मरणशक्तीवर मात्र परिणाम नगण्य. म्हणजे हे औषध नव्हे. गाणे संपल्यावर नाव परत येणार नाही. पण उदास म्हाताऱ्या माणसाची उदासी कमी होणे ही किरकोळ गोष्ट आहे, असे ज्याला वाटते त्याने अशा घरात एक संध्याकाळ काढून पाहावी. आणि झोपेच्या गोळीने जसा तोल जातो, पडून खुब्याचे हाड मोडते, तसे गाण्याने होत नाही.

अट एकच: गाणे त्या माणसाचे हवे. इथे बहुतेकांची गल्लत होते. वृद्धाश्रमात 25 डिसेंबरला स्पीकरवर अमेरिकी गाणी लावली की ख्रिस्ती आजी-आजोबांची सोय झाली, असे समजले जाते. वांद्र्याच्या आजीला ती लागू पडतीलही. गोव्यातल्या आजोबांच्या लहानपणी कानावर पडले ते कोकणी आणि पोर्तुगीज. वसईच्या आजीच्या घरची भाषा सामवेदी किंवा वाडवळी असेल. अहिल्यानगर भागातल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांत रेव्हरंड टिळकांची मराठी पदे पिढ्यान्पिढ्या गायली गेली. मराठीत येशूजन्माची कथा ओव्यांत सांगणारे फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण तर 1616 मध्येच छापले गेले. 'नाताळचे गाणे' म्हणजे कोणते, हे त्या माणसाला किंवा त्याच्या भावंडांना विचारल्याशिवाय कळणार नाही.

ते वेळीच विचारावे, आजार सुरुवातीच्या टप्प्यात आहे आणि माणूस स्वतः सांगू शकतो तोवर. केसपेपरवर रक्तगट, मधुमेह, कशाची अॅलर्जी हे जसे लिहिले जाते, तशी एक ओळ गाण्यांसाठी ठेवायला एक पैसा लागत नाही. कोणती गाणी, कुठल्या भाषेत, कुणाबरोबर म्हणायचे. आणि कोणती नकोत, हेही तितकेच महत्त्वाचे. कारण किल्ली दुःखाच्या खोलीचेही कुलूप उघडते. ज्या घरात डिसेंबरमध्ये कुणी गेले आहे तिथे एखादी चाल वर्षानुवर्षे असह्य राहू शकते, आणि रुग्णाला 'का रडतोस' याचे उत्तरही देता येत नाही. डोळे पाणावणे वेगळे. ते बहुतेकदा चांगलेच. गाणे थांबल्यावरही हुंदके थांबत नसतील, हात कापत असतील, तर ते गाणे यादीतून काढावे.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. आधी कानाचे यंत्र चालू आहे का पाहावे. अर्ध्या घरांत ते खणात पडलेले असते. टीव्ही बंद करावा. आवाज बेताचा ठेवावा, दहा-पंधरा मिनिटे पुरे. कानाला हेडफोन लावून रुग्णाला एकटे सोडण्यापेक्षा शेजारी बसून सोबत म्हणावे, सूर लागला नाही तरी चालेल. मूळ ध्वनिमुद्रिकेसाठी अडून बसू नये. 'व्हाइट ख्रिसमस'ची 1942 ची मूळ मुद्रण-तबकडी प्रती काढून काढून झिजली, म्हणून क्रॉस्बींनी 1947 मध्ये ते गाणे पुन्हा गायले. लोक 'जुने' म्हणून सहसा ऐकतात ते हे दुसरे, आणि कुणाच्याही आठवणीचे त्यामुळे काही बिघडलेले नाही.

हे डिसेंबरातच करायला हवे असेही नाही. जूनच्या पावसात नाताळचे गाणे लावले तर रुग्णाला काही खटकत नाही. तारीख त्याला ठाऊक नसते. अवघडल्यासारखे होते ते घरच्यांना.