निळूभाऊंना मंडपातून सोडवा

लग्नसराई आली की या सदरात लग्नाशिवाय दुसरं काही नसतं, अशी तक्रार मागे एका वाचकांनी केली होती. तक्रार रास्त आहे. पण मे महिन्यात साक्रीत राहणाऱ्या माणसाने लिहायचं तरी कशावर? डीजेवर लिहून झालं, पत्रिकेतल्या प्रेषकांच्या यादीवर लिहून झालं. आता निवेदक.

पूर्वी मंगलाष्टकं गुरुजी म्हणायचे आणि ‘चला पंगतीला’ असं मुलीचा मामा ओरडायचा. तेवढ्या दोन आवाजांत लग्न उरकायचं. आता भाड्याचा निवेदक लागतो. परवा हायवेलगतच्या एका लॉन्सवर मुहूर्त साडेबाराचा होता आणि नवरदेव अजून मारुतीच्या पारावर नाचणाऱ्यांच्या गराड्यात होता. वेळ काढायला या गड्याने आवाज काढायला घेतले. आधी नाना पाटेकर, मग दादा कोंडके, आणि मग मान तिरकी, ओठ एका बाजूला ओढलेला, डोळा बारीक. निळू फुले. पाठोपाठ ते वाड्यावरचं वाक्य. मी ते इथे लिहीत नाही, तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. त्याने ते म्हटलं ते करवल्यांच्या घोळक्याकडे तोंड करून. मंडप खदखदला. त्या पोरींचे बापही हसले.

मी हसलो नाही म्हणून शेजारच्या नानांनी विचारलं, ‘का हो, पोट बरं नाही का?’

आता माहिती एका दमात सांगून टाकतो. निळकंठ कृष्णाजी फुले, जन्म पुण्याचा, १९३० सालचा. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलं आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात उभे राहिले. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगाने नाव झालं, १९६८च्या ‘एक गाव बारा भानगडी’तल्या झेले अण्णाने ते गावोगाव पोचवलं. रंगभूमीवर तेंडुलकरांचा ‘सखाराम बाइंडर’ १९७२ साली उभा केला तो त्यांनीच, समोर लालन सारंग. पुढे ‘सामना’, ‘सिंहासन’, हिंदीत ‘सारांश’. १३ जुलै २००९ रोजी गेले. झालं. विकिपीडिया याहून जास्त सांगेल, पण विकिपीडियाने आमची मोठी माय पाहिलेली नाही.

मोठी माय म्हणजे आजी. आमळीला कन्हैयालाल महाराजांच्या यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. कार्तिकातली थंडी, खाली सतरंजी, मागे जनरेटरची घरघर, रीळ बदलेपर्यंत शेंगा फोडायच्या. पडद्यावर धोतराचा सोगा धरून निळू फुले आले की आमच्या बायांच्या बाजूने एकदम कुजबुज उठायची. मोठी माय पदर तोंडाला लावून म्हणायची, ‘हाऊ मुडदा आखो उना वं माय!’ आणि मग रीळ संपेपर्यंत शिव्या. अहिराणीत शिव्यांचं पीक बारमाही आहे, पण तिचा खास साठा या एका माणसासाठी राखलेला असे. कोणी तिला हळूच सांगितलं होतं, की बाई, तो खरा तसा नाही, भला माणूस आहे. तिला ते पटलं नाही. तिचं म्हणणं, भला माणूस असं बघतोच कसा?

प्रश्न बरोबर होता. तो माणूस बघायचाच तसा. त्यांचा पाटील आरडाओरडा करत नसे. तो आधी विडी नीट करी, समोरच्या माणसाकडे न बघता तिसरीकडेच बघे, आणि बोलायचा तेव्हा आवाज इतका खाली, की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागे. तिथेच तो माणूस अर्धा मेलेला असे. आमचा निवेदक नेमका उलटं करतो: माइक तोंडात घालून केकाटतो. नक्कलच करायची तर निदान गप्प बसण्याची करा. पण गप्प बसायचे पैसे कोण देणार?

मोठी माय घाबरायची ती नटाला नव्हे. तसा एक माणूस तिच्या माहेरच्या गावात होता, विहिरीवर जाताना ज्याच्या ओट्यापुढून मान खाली घालून जावं लागे. निळूभाऊंनी तो माणूस पुण्याहून न येता, न बघता, जसाच्या तसा तंबूत आणून बसवला. म्हणून तिच्या शिव्या खऱ्या होत्या. आज त्याच वाक्यावर तिच्या पणत्या फोटो काढत हसतात. ओटे गेले असते तर मीही हसलो असतो.

ओटे गेले नाहीत, त्यांचे सोफे झालेत. हे सोफ्याचं प्रकरण जरा सांगतो. मंडपात स्टेजपुढे पांढऱ्या अभ्र्याचे सोफे असतात, तिथे वधूची आत्या बसली तर तिला उठवतात. भाऊसाहेब आले की वाजंत्री थांबते, निवेदक ‘आगमन झालेलं आहे’ असं तीनदा म्हणतो, मग टोपी, उपरणं, नारळ. आजी, माजी, भावी सगळे. भावी म्हणजे ज्यांना अजून तिकीटही मिळालेलं नाही असे. मग आशीर्वादपर दोन शब्द. दोन शब्दांत रस्त्याचं काम, पाणीयोजना आणि विरोधकांचा समाचार येतो, फक्त नवरा-नवरीचं नाव चिठ्ठीत बघून घ्यावं लागतं. तोवर साडेबाराचे दोन वाजतात, अक्षता मुठीत घामाने चिकटतात, आणि वरण-बट्टीतली बट्टी दगड होते. यावर कोणी बोलत नाही. मुलीचा बाप तर हात जोडूनच उभा असतो. आणि त्या दिवशी वाड्याच्या वाक्यावर सर्वांत मोठ्याने हसला कोण? सोफा. निवेदकाला पाचशेची नोटही तिथूनच गेली.

‘सामना’ या मंडळींना एकदा दाखवावा असं मला फार दिवस वाटतं. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात जाऊन आलेला. त्यातले हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे साखर कारखाना, पोल्ट्री, गाव, सगळं मुठीत. समोर डॉ. लागूंचा दारुडा मास्तर एकच प्रश्न धरून बसतो, मारुती कांबळे नावाच्या माणसाचं काय झालं. निळूभाऊंचे हिंदुराव मास्तरला मारत नाहीत. घरी आणतात, नवे कपडे शिवतात, जेवू घालतात. बघताना तो माणूस आवडायला लागतो आणि मग आपलीच आपल्याला भीती वाटते. आमच्या तालुक्यात हा सिनेमा जास्त कळायला हवा. भाडण्याचा पांझरा-कान कारखाना बंद पडून कैक वर्षं झाली. ऊस गेला, आता ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात.

आणि पडद्यावर हे सगळं करणारा माणूस प्रत्यक्षात अंधश्रद्धेविरुद्ध बोलत हिंडत होता. लागू आणि ते, मिळून अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत गावोगाव फिरले, ते कशासाठी? पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा चार पैसे मिळावेत, त्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी. लग्नाच्या नावाने पैसा गोळा करून तो असाही खर्च करता येतो.

मोठ्या मायला मात्र यातलं काही कळू दिलं नाही. टीव्ही आल्यावर एकदा दूरदर्शनवर ‘सिंहासन’ लागला. त्यात ते पत्रकार दिगू टिपणीस: साधा, खांद्याला पिशवी, मंत्र्यांच्या खेळ्या नुसत्या बघत राहणारा. मी म्हटलं, बघ, या खेपेला चांगला माणूस आहे. ती हलली नाही. मुख्यमंत्री, बंडखोर, स्मगलर, तिला कशाशी कर्तव्य नव्हतं. ती फक्त टिपणीसवर डोळा ठेवून होती, हा कधी खरं रूप दाखवतो म्हणून. शेवटी सगळं बघून बघून दिगूचं डोकं फिरतं आणि तो वेड्यासारखा हसत सुटतो. मोठ्या मायने समाधानाने पानाचा डबा बंद केला.

‘दख,’ ती म्हणाली, ‘मी सांगेल व्हतं ना!’