टाके सुकल्यानंतरचे काय?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेच्या, म्हणजे बेरिॲट्रिक सर्जरीच्या जाहिराती आता आपल्या शहरांना नव्या राहिलेल्या नाहीत. त्यांत दोन फोटो असतात, ‘आधी’ आणि ‘नंतर’. खाली उतरलेले किलो, पॅकेजचा आकडा आणि हप्त्यांची सोय. ‘नंतर’चा फोटो बहुधा पहिल्या वर्षा-दीड वर्षातला असतो, कारण वजन भराभर उतरते ते त्याच काळात. तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या वर्षी त्या माणसाचे काय झाले, हे जाहिरात सांगत नाही आणि सांगायला तिला कोणी भागही पाडत नाही. या पत्रात मला मांडायचा आहे तो एकच मुद्दा. ही शस्त्रक्रिया म्हणजे तीन दिवसांची भरती नव्हे. तो जन्मभर चालणाऱ्या उपचाराचा पहिला टप्पा आहे. पहिल्या टप्प्याला डॉक्टर आहे, बिल आहे, विमा आहे. पुढच्या जन्मभराला आज कोणी वाली नाही. ती जबाबदारी कोणाची, हे आपल्या खात्याने नियमाने ठरवून द्यावे.

हे पत्र शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. तिच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया करून घेतलेल्या आणि न घेतलेल्या लठ्ठ रुग्णांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. २०२० साली त्याचे निष्कर्ष आले: शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुष्य न झालेल्यांपेक्षा सरासरी तीन वर्षांनी जास्त. अमेरिकेत १५० मधुमेही रुग्णांवर झालेल्या चाचणीत पाच वर्षांनंतर तीन महिन्यांची सरासरी साखर ६ टक्के किंवा त्याखाली ठेवता आली ती नुसत्या औषधांवरच्या ५ टक्के रुग्णांना; या शस्त्रक्रियेच्या दोन प्रकारांपैकी बायपास झालेल्यांत हे प्रमाण २९ टक्के आणि स्लीव्ह झालेल्यांत २३ टक्के होते. गुडघे टेकलेला, झोपेत श्वास अडकणारा, इन्सुलिनचे युनिट वाढवत चाललेला माणूस या वाटेने गेला तर त्याला ‘शॉर्टकट शोधला’ म्हणून हिणवणे अज्ञानाचे आहे. पण याच पुराव्याची दुसरी बाजूही वाचायला हवी. स्वीडनच्या त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुष्य सर्वसाधारण लोकांपेक्षा साडेपाच वर्षांनी कमीच भरले. आजार हटतो, पण पुरता जात नाही. आणि अमेरिकेच्या चाचणीत सुमारे सत्तर टक्के बायपास रुग्ण पाच वर्षांनी त्या मर्यादेच्या वर होते, म्हणजे त्यांना डॉक्टरची गरज संपलेली नव्हती.

शरीरात काय बदलते ते पाहिले की ही गरज का उरते ते कळते. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून कायमचा काढून टाकतात. उरते ती केळ्याएवढी नळी. बायपासमध्ये जठराचा छोटासा कप्पा वेगळा करून तो पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत भूक कमी लागते, पण लोह, कॅल्शियम, ड आणि ब-१२ जीवनसत्त्व अंगी लागण्याची व्यवस्थाही बिघडते. ब-१२ शोषले जावे म्हणून लागणारा घटक जठराच्याच भिंतीत तयार होतो. आता हे आपल्या मातीत ठेवून पाहा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांत ब-१२ कमी आढळले. शाकाहार हे त्याचे मोठे कारण. त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन चालू असेल तर ब-१२ आणखी घटते. म्हणजे ज्या समाजात हा साठा मुळातच रिता आहे, तिथे आपण तो भरण्याची वाटही अरुंद करतो आहोत. परदेशी पुस्तकातला गोळ्यांचा तक्ता इथे जसाच्या तसा पुरेल असे धरून चालता येत नाही. मुंग्या येणे, तोल जाणे, विसरायला होणे ही लक्षणे दोन-चार वर्षांनी दिसू लागतात, तेव्हा गावातला डॉक्टर ती वयावर किंवा साखरेवर घालतो. जुन्या ऑपरेशनशी त्यांचा धागा कोणी जोडत नाही.

शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या मनात जे प्रश्न असतात ते वेगळे आणि नंतर उभे राहतात ते वेगळे. आधी विचारले जाते: जिवाला धोका किती, किलो किती उतरतील, व्रण दिसेल का, रजा किती लागेल, लग्न ठरण्याआधी करावे की नंतर, सासरी सांगावे का. नंतरचा दिवस कसा असतो ते पाहा. पहिले दोन आठवडे ताक, वरणाचे पाणी, नारळपाणी आणि प्रोटीनची पावडर, तेही घोट घोट. मग मऊ, कालवलेले. पुढे भाकरी चालते, पण घास पिठासारखा होईपर्यंत चावून. घाई झाली की छातीत अडकतो आणि उलटीवाटे बाहेर येतो. जेवताना पाणी नाही. ते अर्ध्या तासाने. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र नाही, दोन तासांचे अंतर ठेवून. चहाबरोबर तर लोहाची नाहीच. दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत, आणि एका वेळी मावते मूठभर. शाकाहारी घरात वरण, उसळ, दही, पनीर यांवर हा हिशेब जुळवणे म्हणजे रोजची कसरत. त्यात चतुर्थीचा उपवास आला की ताटात साबुदाणा, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. पंगतीत बसले की ‘एवढेच?’ असा आग्रह, आणि बायपास झालेल्याने आग्रहाखातर जिलबी खाल्ली की अर्ध्या तासात घाम, धडधड, चक्कर. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस पुंजक्यांनी हातात येतात. ते बहुधा परत उगवतात, पण हे आधी कोणी सांगितले नसेल तर बाई घाबरून जाते. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. वर्षा-दीड वर्षाने पोटाची, दंडांची कातडी लोंबू लागते, घामोळे येते, आणि ती काढण्याचे ऑपरेशन ‘सौंदर्यासाठी’ म्हणून विम्यातून सहसा वगळले जाते. फिनलंडमधील अभ्यासात दहा वर्षांनी दुर्बीण घालून तपासले तेव्हा स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्के जणांच्या अन्ननलिकेचा दाह झालेला दिसला; बायपासच्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते. दोन शस्त्रक्रियांतून निवड करताना हा आकडा किती रुग्णांच्या कानावर घातला जातो?

सगळ्यात कमी बोलले जाते ते मनाबद्दल. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात बायपास झालेल्यांचे एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी आढळले. मात्र अपघात, आत्महत्या अशा आजाराखेरीजच्या कारणांनी झालेले मृत्यू ५८ टक्क्यांनी जास्त होते. तिथल्याच दुसऱ्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या आहारी जाणाऱ्यांचे प्रमाण ७.६ वरून ९.६ टक्क्यांवर गेले. बायपासनंतर दारू रक्तात वेगाने चढते, हे त्यामागचे एक कारण. बहुसंख्य रुग्णांच्या वाट्याला यातले काही येत नाही, हे खरे. पण ज्यांच्या वाट्याला येते ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, आणि तोवर ‘कौन्सेलिंग’ हा शब्द ऑपरेशनपूर्वीच्या एका सहीपुरता उरलेला असतो.

आता आपली व्यवस्था पाहा. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली या शस्त्रक्रियेच्या विमा संरक्षणासाठी अटी घातल्या: रुग्ण किमान १८ वर्षांचा, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४० किंवा जास्त, अथवा ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयविकार, झोपेतील श्वासरोध किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा गंभीर आजार. या अटी आत कोणी यायचे ते सांगतात; आत आलेल्याचे पुढे काय, याबद्दल त्या काही सांगत नाहीत. घरी सोडल्यानंतरचा खर्च पॉलिसीत धरला जातो तो ठरावीक दिवसांपुरता, आणि ब-१२ संपते ते वर्षांनी. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना वेगळ्या आहेत: शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्राने किमान दोन वर्षे पाठपुरावा करायचा, आहार, पोषण, औषधे, मन या सगळ्याचा, त्यानंतर दरवर्षी एकदा तपासणी, तीही जन्मभर, स्थानिक डॉक्टरच्या मदतीने. तिथे या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही आहे आणि २०१३ पासून सर्जननिहाय निकाल लोकांसमोर ठेवले गेले. आपल्याकडे रुग्णाला निवड करायची असते ती होर्डिंगवरून.

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, शस्त्रक्रिया करणाऱ्यांचा: रुग्णच फिरकत नाहीत, गोळ्या सोडतात, मग वजन वाढले की दोष आमच्या माथी. यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. उतरलेले वजन परत चढवण्यासाठी शरीर स्वतःच जोर लावते, भूक वाढवते, ऊर्जा वाचवते. हा नुसत्या मनोनिग्रहाचा प्रश्न नाही. शिवाय ज्याचे वजन पुन्हा वाढते तो लाजेपोटी दवाखान्याची पायरी चढत नाही. नेमका ज्याला गरज आहे तोच गळतो. तो गळला हे पाहण्याचे काम कोणाचे, एवढेच मी विचारतो आहे. लातूर किंवा चिपळूणच्या माणसाला दर तीन महिन्यांनी मुंबई-पुण्याला बोलावायचे आणि तो आला नाही की ‘बेशिस्त’ म्हणायचे, हा न्याय नव्हे. दुसरा आक्षेप खर्चाचा: नियम वाढले की पॅकेज महागेल आणि गरजू मागे राहतील. पॅकेजचा आजचा आकडा कमी दिसतो, कारण पुढची रक्ततपासणी, आहारतज्ज्ञ, गोळ्या त्यात धरलेल्याच नसतात. तो खर्च टळलेला नसतो, रुग्णाच्या अंगावर लपवून टाकलेला असतो. खरा आकडा समोर आला तर तो झेपेल की नाही, हे रुग्णाला आधीच ठरवता येईल. तिसरा आक्षेप, कुपोषणाच्या राज्यात श्रीमंतांच्या ऑपरेशनची काळजी कशाला? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. हा आता केवळ बंगल्यांचा आजार नाही. आणि मी तिजोरीतून पैसा मागत नाही, नियम मागतो आहे. चौथा आक्षेप सर्वांत ताजा: २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोवी ही वजन कमी करणारी इंजेक्शने भारतात आली, तेव्हा चाकूचा जमाना संपला. इंजेक्शन थांबवले की बहुतेकांचे वजन परत येते, हे चाचण्यांत दिसले आहे. म्हणजे तिथेही प्रश्न तोच: पुढची दहा वर्षे लक्ष कोण ठेवणार? शस्त्रक्रियेसाठी घडी बसली तर ती औषधांनाही उपयोगी पडेल.

आपल्याला नवा कायदा करावा लागणार नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ सालचा आहे, त्याच्या नियमांत २०२१ साली सुधारणा झाली आणि रुग्णहक्कांची सनद लावणे रुग्णालयांना बंधनकारक झाले. त्याच नियमांत तीन गोष्टी आणाव्यात. एक, या शस्त्रक्रियेची संमती मराठीत, किंवा रुग्णाच्या भाषेत, ऑपरेशनच्या किमान पंधरा दिवस आधी. त्यात पर्याय, कायमचे बदल, जन्मभराच्या गोळ्या, गर्भधारणा निदान वर्षभर लांबवण्याचा सल्ला आणि वजन परत वाढण्याची शक्यता स्पष्ट लिहिलेली. खरी संमती माहितीवर उभी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच समीरा कोहली खटल्यात सांगितले आहे. दोन, जाहीर केलेल्या दरातच दोन वर्षांचा पाठपुरावा, आणि त्यानंतर रुग्णाच्या हाती एक कार्ड: कोणती शस्त्रक्रिया झाली, दरवर्षी कोणत्या तपासण्या, कोणते लक्षण दिसले तर तातडीने धावायचे. ते कार्ड पाहून वार्षिक रक्ततपासणी आपल्याच खात्याच्या जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत व्हावी; ऑगस्ट २०२३ पासून तिथले उपचार निःशुल्क आहेतच. तीन, राज्याची नोंदवही: प्रत्येक केंद्राने एका, दोन आणि पाच वर्षांनी किती रुग्ण संपर्कात आहेत, किती जणांना पुन्हा ऑपरेशन लागले, किती दगावले हे कळवायचे, आणि रुग्णांची नावे वगळून खात्याने ते दरवर्षी प्रसिद्ध करायचे.

यातली नोंदवही सर्वांत आधी व्हावी, कारण तिला खर्च नगण्य आहे आणि विरोध मात्र सर्वांत जास्त होईल. ज्या केंद्रांचे काम चांगले आहे त्यांना ती हवीच असेल. ‘पाच वर्षांपूर्वी ऑपरेशन केलेले तुमचे किती रुग्ण आज तुमच्या संपर्कात आहेत?’ हा प्रश्न राज्यातील प्रत्येक बेरिॲट्रिक केंद्राला आपल्या खात्याने या महिन्यातच लेखी विचारावा आणि येतील ती उत्तरे, न आलेली उत्तरेही, लोकांसमोर ठेवावीत. नियमांचा मसुदा त्यावरून आपोआप सुचेल.

कळावे,

आपला नम्र,
आरोग्यविषयक लेखन करणारा एक नागरिक