पायाला बांधलेली वीट

जठारपेठेतल्या एका दवाखान्यात पंचाहत्तरीच्या एक आजी तीन दिवस पडून होत्या. मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. खाटेच्या पायथ्याशी दोरी, दोरीला वीट. नर्स चादर बदलायला आली, की तिचा हात लागण्याआधीच आजी ओरडायच्या, "माय वं, पायाले हात नोका लावू." रात्री कमरेत एक इंजेक्शन, सकाळी दुसरं. तिसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या टेबलावर भूलतज्ज्ञ आले. कण्यात भूल द्यायची म्हणजे आजींना बसतं करायचं. म्हणून त्यांनी आधी जांघेत एक सुई दिली. वीस-पंचवीस मिनिटांनी आजी आधाराने उठून बसल्या. ओरडल्या नाहीत.

हीच सुई पहिल्या रात्री का दिली नाही?

ही सुई म्हणजे ब्लॉक, नस बधिर करणारं इंजेक्शन. त्यात नवलाईचं काही नाही. जांघेतल्या स्नायूवरच्या पडद्याखाली तीस-चाळीस मिलिलिटर पातळ केलेलं बधिरतेचं औषध सोडायचं. मांडीची मुख्य नस बधिर होते, दुखणं उतरतं, आखडलेली मांडी सैल पडते. बुपिव्हाकेन दिलं तर आठ-दहा तास निघतात. आणि बुपिव्हाकेन हे थिएटरमधलं रोजचं औषध आहे.

ही सुई द्यायला सोनोग्राफीचं मशीन लागतं आणि ते खाटेपाशी नेता येत नाही, असं सांगितलं जातं. 1994 च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळे मशीनची नोंदणी आणि बंधनं आहेत, हे खरं. मशीन असेल तर सुई जास्त नेमकी जाते, हेही खरं. पण 1989 साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी हा ब्लॉक लहान मुलांसाठी मांडला, तेव्हा तो बोटाने जागा चाचपून आणि सुईखाली दोन पडदे फुटल्याचं हाताला जाणवून दिला जात होता. ती रीत आजही चालते.

पुराव्याचीही वाण नाही. 2020 च्या कोक्रेन आढाव्यात खुबा मोडलेल्या सुमारे तीन हजार रुग्णांवरच्या 49 चाचण्या आहेत. ब्लॉकनंतर अर्ध्या तासात हलतानाचं दुखणं कमी होतं आणि म्हाताऱ्या माणसाला भ्रम होण्याचं प्रमाणही घटतं. रात्रभर असंबद्ध बोलणाऱ्या आजीला "वयच झालं" म्हणून सोडून देणाऱ्यांनी हा भ्रमाचा भाग पुन्हा वाचावा. उलट, ऑपरेशनआधी पायाला वजन लावल्याने मोडलेल्या खुब्याचं दुखणं कमी होतं, असं चाचण्यांत दिसलेलं नाही. मांडीचं हाड मधोमध मोडलं असेल तर ओढ लागते; पण तिथेही ब्लॉक आधी, वजन नंतर.

तरी वीट लागते आणि सुई राहते. याचं कारण एवढंच, की विटेला कुणाला फोन करावा लागत नाही. आपल्याकडे बहुतेक भूलतज्ज्ञ या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरणारे. त्यांना बोलावणं जातं ते ऑपरेशनसाठी. रक्ताचे रिपोर्ट, फिटनेस, रक्त पातळ करणारी गोळी, योजनेची मंजुरी, यात दोन-तीन दिवस जातात. तेवढे दिवस दुखणं कुणाच्याच खात्यावर नसतं. दुखतंय, एवढ्यासाठी रात्री अकराला कुणी भूलतज्ज्ञाला उठवत नाही.

मग ड्यूटीवरच्या डॉक्टरला शिकवा. इंग्लंडमध्ये प्रशिक्षित नर्ससुद्धा हा ब्लॉक देतात. वजनाप्रमाणे मात्रा मोजायची, सुई टोचताना रक्तवाहिनीवर लक्ष ठेवायचं, नंतर रुग्णाला मॉनिटरवर ठेवायचं, आणि औषध रक्तात गेलंच तर उतारा म्हणून लिपिडची बाटली जवळ ठेवायची. शहरातल्या भूलतज्ज्ञांनी मनावर घेतलं तर प्रत्येक दवाखान्यातला एक तरी डॉक्टर यात तयार होईल.

आणि वाचकहो, घरातलं म्हातारं माणूस पडलं, पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसला, तर दवाखान्याच्या दारातच विचारा: जांघेतला ब्लॉक देता का? एक्स-रेच्या टेबलावर उचलून ठेवण्याआधी विचारा.