मुलांची अब्रू

कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर नवा जालना. जुन्या जालन्याच्या गल्लीत कोणाचे कार्टे कोणाच्या झाडावरून पडले, कोण परीक्षेत नापास झाला, हे पूर्वीही लपून राहत नसे. परंतु नदी ओलांडेपर्यंत त्या वार्तेचा जोर ओसरे आणि मूल मोठे होईपर्यंत गल्ली ती विसरून जाई. समाजाच्या या विसराळूपणात मुलांचे मोठे हित होते. ते हित आज खुद्द आईबापांच्याच हातून नष्ट होत आहे.

मुलाचे ओले झालेले अंथरूण, गणितातले गुण, डॉक्टरांचे निदान, वयात येणाऱ्या मुलीची चिडचिड, हे सारे फेसबुकवर छायाचित्रासह प्रसिद्ध होते. त्यामागचा हेतू वाईट असतो असे आमचे मुळीच म्हणणे नाही. घरात वडीलधारे कोणी नसलेल्या आईला चार अनुभवी बायकांचा सल्ला हवा असतो. बापाला लेकराचे कौतुक आवरत नाही. परंतु लिहिलेले टिकते, आणि मूल एक दिवस ते वाचते. कदाचित त्याच्या आधी त्याचे वर्गमित्र वाचतात.

मग मुलांविषयी लिहूच नये काय? तसे नाही. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील त्याच नावाच्या लेखात, एका विदुषीला धन्यता वाटते ती रस्त्यावरच्या मुलांनी तिला आपल्या वर्गमित्राची आई म्हणून ओळखल्याची. तेथे उलगडते ते आईचे मन. मुलाचे गुपित नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची अट घातली. मात्र व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेला वापर त्यातून वगळला. म्हणजे राखण सोपविली ती पालकांवरच. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी? फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा करून मुलाच्या छायाचित्रावरील हक्क जपण्याची जबाबदारी आईबापांवर संयुक्तपणे टाकली, आणि मुलाचे वय व समज पाहून त्यालाही त्या निर्णयात सामील करून घेण्यास सांगितले.

आपण कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. चांगला शिक्षक प्रगतिपुस्तक पालकाच्या हाती देतो. ते शाळेच्या फाटकावर डकवीत नाही. तोच विवेक घरातही हवा. हेच वाक्य, मूल वीस वर्षांचे होऊन समोर बसले असता, मोठ्याने वाचून दाखवता येईल काय, एवढे लिहिण्यापूर्वी स्वतःस विचारावे. उत्तर नकारार्थी असेल तर ते घरच्या वहीत राहू द्यावे. सल्ला हवा असेल तर नावगाव व छायाचित्र न देता मागावा. मूल आपल्या पोटी आले म्हणून त्याची अब्रू आपल्या मालकीची होत नाही. ती त्याची ठेव आहे, आणि ते जाणते होताच आपल्याला ती जशीच्या तशी परत करायची आहे.