नुसत्या श्रवणानें शेत पिकत नाहीं

ज्ञानप्रसाराचें एक नवें साधन अलीकडे शेतकऱ्याच्या हातीं आलें आहे. त्यास पॉडकास्ट असें म्हणतात. हें नांव २००४ सालीं प्रचारांत आलें. ध्वनिमुद्रित संभाषणांची ही मालिका मोबाईलवर उतरून घ्यावी व सवडीप्रमाणें ऐकावी, अशी तिची सोय आहे. खुरपणी करतांना अथवा गोठ्यांत धार काढतांना हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात. तेव्हां शेतकरीवर्गास हें साधन विशेष उपयोगी पडण्यासारखें आहे, यांत संशय नाहीं.

या मालिकांपैकीं पुष्कळ हवामानबदल व शाश्वत जीवन या विषयांस वाहिलेल्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक कचेरीच्या माजी प्रमुख क्रिस्तियाना फिगेरेस, ज्यांच्या कारकीर्दींत २०१५ चा पॅरिस करार झाला, त्यांनीं सहकाऱ्यांसह २०१९ सालीं ‘आउटरेज अँड ऑप्टिमिझम’ ही मालिका चालू केली. बी.बी.सी.च्या जागतिक सेवेची ‘द क्लायमेट क्वेश्चन’ ही मालिका २०२० सालीं निघाली. मराठींतही शेतीविषयक असे कार्यक्रम होऊं लागले आहेत. या उद्योगाचें आम्ही मनापासून स्वागत करितों. मात्र या श्रवणाचें फळ शेतांत कसें उतरावें, हा प्रश्न सोडविल्यावांचून नुसत्या स्वागतानें भागणार नाहीं.

विषयाची निकड कोणासही मान्य होईल. १८५० ते १९०० या काळाच्या मानानें पृथ्वीचें सरासरी तपमान सुमारें १.१ अंश सेल्सिअसनें वाढलें आहे, असें आंतरराष्ट्रीय हवामानबदल मंडळाच्या सहाव्या अहवालांत नमूद आहे. हवा एका अंशानें तापली म्हणजे तिच्यांत सुमारें ७ टक्के अधिक बाष्प मावतें. तें साठलेलें बाष्प एकदम कोसळतें, आणि मधल्या दिवसांत कोरडी उघडीप लांबते. पुणें येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेंतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून असें दिसतें कीं, १९५० ते २०१५ या अवधींत मध्य भारतावर दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिप्पट झाले. तात्पर्य, हंगामाची बेरीज सरासरीजवळ भरली तरी तिची वांटणी पिकास मानवेल अशी राहत नाहीं. २०२३ चा ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींत देशांतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. उलट २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांतील उभीं पिकें पुरांत बुडालीं. ही कारणपरंपरा जो कार्यक्रम सोप्या वाणींत समजावून सांगेल, तो शेतकऱ्याचा मित्रच होय.

परंतु कारण समजणें आणि निर्णय घेतां येणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. २०२५ सालचेंच उदाहरण घेऊं. त्या वर्षीं मोसमी पाऊस २६ मे रोजीं मुंबईस पोंचला. इतक्या लवकर तो पोंचल्याची पूर्वीं नोंद नव्हती. ही वार्ता कानोंकानीं झाली. पुढें मात्र त्याची चाल सुमारें दोन आठवडे खुंटली, आणि पेरणीची घाई करूं नये असें कृषिखात्यास सांगावें लागलें. निदान ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन पुरती ओलावल्याखेरीज कोरडवाहू पेरणी करूं नये, हा जाणत्यांचा नियम आहे. ‘पाऊस लवकर आला’ एवढेंच ज्यानें ऐकलें, त्यानें चाड्यावर मूठ धरली असेल. ज्यानें आपल्या शिवाराची ओल पाहिली, त्यानें वाफसा येईपर्यंत वाट पाहिली असेल. दुबार पेरणी म्हणजे बीं, खत आणि मजुरी यांचा दुहेरी खर्च, व बहुधा सावकाराच्या दारीं दुसरी खेप. लंडनहून अथवा दिल्लीहून बोलणाऱ्या विद्वानास आपल्या शिवाराची ओल सांगतां येणार नाहीं, आणि त्याबद्दल त्यास दोषही देतां येणार नाहीं. तें काम गांवानेंच केलें पाहिजे.

तें कसें करावें याचा धडा आपल्याच प्रांतांत घालून दिलेला आहे. १९५६ सालीं युनेस्कोच्या साह्यानें आकाशवाणीनें त्या वेळच्या मुंबई राज्यांतील पांच मराठी जिल्ह्यांत, १५० गांवीं, रेडिओ श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यांतून दोनदां, अर्ध्या तासाचा एक, याप्रमाणें दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. गांवांतील निवडक मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत, आणि आपल्या शंका व निर्णय लिहून केंद्राकडे पाठवीत. ‘ऐका, चर्चा करा, कृति करा’ हें त्या प्रयोगाचें सूत्र होतें. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीनें पॉल न्यूरथ यांनीं त्याची पाहणी केली. मंडळें असलेल्या गांवांत लोकांच्या ज्ञानांत ठळक भर पडली. मंडळ नसलेल्या गांवांत, मग तेथें रेडिओ असो वा नसो, ती नगण्य ठरली. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यांत आली. पुढें हीं मंडळें मागें पडलीं.

या अनुभवाचा अर्थ उघड आहे. ज्ञान रुजलें तें चर्चेमुळें. यंत्रानें केवळ आवाज पोंचविला. आजचें यंत्र तर त्या रेडिओहून पुष्कळ सोयीचें. हवें तेथें थांबवावें, न समजलेला भाग पुन्हां ऐकावा, दुसऱ्या गांवच्या स्नेह्याकडे पाठवावा. पण हेंच यंत्र कानांत खुपसलें म्हणजे शेजारीं बसलेल्या भावाचाही शब्द ऐकूं येत नाहीं. एकट्यानें ऐकलेली गोष्ट तपासली जात नाहीं. अमुक औषध, अमुक बियाणें हवामानबदलावर रामबाण आहे असें मधुर आवाजांत सांगितलें, तर त्यामागें विक्रेत्याचा पैसा आहे कीं काय, हें दहा जणांत कोणीतरी विचारील; एकटा माणूस बहुधा विचारणार नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी कीं, आपल्या संघाच्या प्रत्येक शाखेनें पंधरा-वीस सभासदांचें एक श्रोतृमंडळ स्थापावें, व त्यांत घरच्या शेतकरी भगिनींस अवश्य स्थान द्यावें. पंधरा दिवसांतून एकदां चावडींत किंवा शाळेंत बसून एकच निवडक कार्यक्रम ऐकावा. एकानें अध्यक्ष व्हावें, दुसऱ्यानें टिपणें ठेवावीं. गांवांत एक साधें पर्जन्यमापक बसवून रोजचा पाऊस फळ्यावर लिहावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरीं सुमारें ४,००० लिटर पाणी, हा हिशेब मुलांसही तोंडपाठ असावा. दर मंगळवारीं व शुक्रवारीं निघणारा कृषि-हवामान सल्ला त्या फळ्याशीं ताडून पाहावा. आणि मंडळाचे प्रश्न कार्यक्रम करणाऱ्यांकडे न चुकतां धाडावेत. त्यांनींही पुढील भागांत प्रथम त्यांचीं उत्तरें द्यावींत. जो कार्यक्रम उत्तर देत नाहीं तो मंडळानें खुशाल सोडावा.

शेतकऱ्यास इतका वेळ कोठला, अशी शंका कोणी काढील. पारावर बसून पावसाची चर्चा आपण आजही करितोंच. तीच चर्चा आधार घेऊन व टिपण ठेवून करावी, एवढेंच मागणें आहे. पंधरवड्यांतील एक तास हा दुबार पेरणीच्या मानानें फारच स्वस्त सौदा होय. मृग निघण्यापूर्वीं निदान कांहीं शाखांनीं हा उपक्रम हातीं घ्यावा, आणि आपल्या फळ्यावरील आंकडे व मंडळांतील प्रश्न या मासिकाकडे पाठवावेत, अशी आमची सर्व सभासदांस आग्रहाची विनंति आहे.