पायाखालची माती आणि चुना

काशीस मणिकर्णिकेशेजारी शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी सुमारे १८३० साली बांधविलेला हा घाट स्वतःच्याच भाराने खचला, आणि पुढे त्याची पुन्हा बांधणी करावी लागली. दगडात उणेपणा नव्हता. तो भार पेलण्यास खालची जमीन कमी पडली.

ही जमीन गंगेने आणून टाकलेली आहे. तीत बारीक वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचे थर एकावर एक आढळतात, आणि जुन्या वस्तीखाली शतकानुशतकांचा वीटमातीचा भरावही असतो. अशा ठिकाणी घर बांधणारा मनुष्य बहुधा एकच उपाय जाणतो, तो म्हणजे मातीत सिमेंट ओतणे. सिमेंट म्हणजे बळकटी, हे समीकरण सोयीचे असले तरी खरे नव्हे.

चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म व चपटे असतात. त्यांच्या पृष्ठावर ऋण विद्युत्‌भार असल्यामुळे ते पाणी धरून ठेवतात. काही प्रकारची चिकणमाती तर ओली होताच फुगते व वाळताच आकसते. तीत चुना मिसळला म्हणजे त्यातील कॅल्शियम कणांच्या पृष्ठावरील इतर आयनांची जागा घेते, कण एकत्र गोळा होतात, आणि काही तासांतच चिकट माती भुसभुशीत बनते. दुसरी क्रिया फार मंद असते. मातीतील सिलिका व अॅल्युमिना यांच्याशी चुन्याचा संयोग होऊन बंधक द्रव्ये निर्माण होतात, आणि ती आठवडे, महिने बळकट होत राहतात. जुने गवंडी चुन्यात सुरकी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी, घालीत. त्यामागे हीच क्रिया होती, नाव मात्र त्यांना ठाऊक नव्हते. उत्तर भारतात तो चुना पुष्कळदा तेथल्याच मातीत सापडणारे कंकर भाजून काढीत असत.

सिमेंटला मातीकडून काही घ्यावे लागत नाही. पाणी मिळताच ते आपले आपण घट्ट होते. म्हणून वाळूमिश्रित मातीस ते उत्तम. परंतु चिकणमातीच्या ढेकळांत ते नीट मिसळत नाही, आणि पाणी घातल्यावर दोनएक तासांत दाबून घेतले नाही तर ते वाया जाते. चिकट मातीत आधी चुना व नंतर थोडे सिमेंट, असा क्रमही उपयोगी पडतो.

चुन्याचे प्रमाण सामान्यतः कोरड्या मातीच्या वजनाच्या शेकडा ३ ते ८ असते. नेमका आकडा प्रयोगशाळेतच ठरावा. मातीत सल्फेट असेल तर चुन्याने ती उलट फुगू शकते, आणि कुजका कचरा असेल तर क्रियाच अडते. जुन्या शहराच्या भरावात हा धोका लहान नाही.

या उपायास मर्यादाही आहे. त्याने फरशीखालचा वा हलक्या इमारतीखालचा थर सुधारतो. नदीने तळ पोखरलेला घाट त्याने वाचणार नाही. तेथे खोल पायाच हवा. महाराष्ट्रातील काळ्या मातीतही, घर जड असेल तर, रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असे खांब साडेतीन-चार मीटर खोल उतरविणे अधिक शहाणपणाचे. मातीची चाचणी करवून घेण्याचा खर्च वाचविणारे लोक पुढे भेगा बुजविण्यावर त्याच्या कितीतरी पट खर्च करतात, आणि भेगा तरीही पुन्हा उघडतात.