फॉरमॅट मारण्याआधी शिदोरी बांधा

पावसाळा लागला की संगणक बसल्याची बातमी दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या घरातून येते. लाईट ये-जा करते, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली असते आणि एके सकाळी पडद्यावर निळे पान येऊन यंत्र अडते. मग दुरुस्तीवाला येतो आणि ठरलेले औषध सांगतो, "फॉरमॅट मारूया, नवीन विंडोज टाकूया." दोन तासांत यंत्र चालू होते, चहा-पैसे होऊन तो जातो आणि घरातले सगळे खूश!

वाचकहो, त्या 'नवीन' शब्दाला फसू नका. पेन ड्राईव्ह किंवा डीव्हीडी ज्या दिवशी तयार झाली, त्या दिवशीचे ते विंडोज असते. त्यानंतर सापडलेल्या फटी बुजवणारी अपडेट त्यात नसतात. घर शाकारून झाले, रंग दिला, पण दाराला कडी बसवायची राहिली, तशातला प्रकार. आणि ती कडी आणायला आपण दार उघडे टाकून बाजारात, म्हणजे नेटवर जातो.

हे किती महाग पडू शकते ते २००३ च्या ऑगस्टमध्ये जगाने पाहिले. 'ब्लास्टर' नावाचा किडा विंडोज एक्सपी आणि २००० च्या यंत्रांत शिरू लागला. त्यासाठी मेल उघडायला नको की कुठे क्लिक करायला नको, नेटला जोडलेले असणे पुरे होते. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि यंत्र बंद. गंमत अशी, की मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती १६ जुलैलाच दिली होती. औषध रोगाच्या आधी आलेले! पण ज्यांनी एक्सपी नव्याने टाकले त्यांच्याकडे ते औषध नव्हते. आणायला नेटवर जावे, तर आणून होण्याआधीच साठ सेकंद भरत. २००४ मध्ये अमेरिकेतल्या सॅन्स संस्थेने हिशेब मांडला, की दुरुस्ती न केलेले यंत्र नेटवर उघडे ठेवले तर सरासरी वीस मिनिटांत त्याला गाठले जाते. त्याच वर्षी एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला, २६६ एमबीचा. डायलअपच्या ५६ के लाईनवर तो उतरवायचा तर एकदाही लाईन न तुटता साडेदहा तास! म्हणून लोकांनी तो सीडीवर मिळवला आणि हातोहात फिरवला. नेट न जोडता अपडेट बसवायची सवय तेव्हाची.

आता घरोघरी राऊटर आहे, विंडोजचा फायरवॉल पहिल्यापासून चालू असतो, त्यामुळे वीस मिनिटांची ती भीती राहिलेली नाही. तरी २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने लोकांच्या फायली कुलूपबंद करून पैसे मागितले, तेव्हा त्यावरचीही दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्ये आलेली होती. म्हणजे गोष्ट तीच. शिवाय आपल्याकडे दुसरे कारण आहे. खानापूरच्या पुढे जांबोटी, कणकुंबीकडे पावसात नेट किती वेळ टिकते ते तिथल्यांना विचारा. मोबाईलचा रोजचा डेटा तर दुपारीच संपतो. तिथे दोन-चार जीबी अपडेट उतरवायची कशी? त्यापेक्षा गावात, चांगल्या नेटवर एकदाच उतरवून पेन ड्राईव्हवर घ्यावीत. प्रवासाला निघताना आपण शिदोरी घेतो, कन्नडमध्ये तिलाच बुत्ती म्हणतात. वाटेत खानावळ मिळेल न मिळेल, आपली भाकरी आपल्याजवळ.

या बुत्तीत पहिली वस्तू अपडेट नाही, ड्रायव्हर आहे. नवे विंडोज टाकल्यावर अनेकदा वायफायच चालत नाही, कारण त्याचा ड्रायव्हर नाही. आणि तो नेटवर आहे! म्हणून जुने विंडोज चालू असतानाच यंत्राचा मॉडेल नंबर पाहून, बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवरून नेटवर्कचा ड्रायव्हर उतरवून ठेवावा. विंडोज १० वर 'पीएनपीयूटिल' ही आज्ञा बसवलेले ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून देते, घरातल्या कॉलेजवाल्या पोराला सांगा, तो करील.

आता अपडेट. मायक्रोसॉफ्टची 'अपडेट कॅटलॉग' नावाची साईट आहे. प्रत्येक अपडेटला 'केबी' आणि पुढे आकडा असा नंबर असतो. तो घालून शोधले की फाईल उतरवता येते आणि पुढे कितीही यंत्रांवर, कितीही वेळा वापरता येते. उतरवताना ३२ बिट की ६४ बिट ते नीट पाहावे. विंडोज १० चे एक बरे आहे, त्याची मासिक अपडेट आधीच्या सगळ्यांना पोटात घेऊन येते. त्यामुळे २२एच२ ही शेवटची आवृत्ती टाकायची आणि तिच्यावर सर्वांत अलीकडची एकच मोठी फाईल बसवायची, की बहुतेक काम झाले. ही अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा निदान त्या महिन्याची फाईल तरी जपून ठेवलेली असावी.

विंडोज सेव्हनची गाठ मात्र अवघड आहे आणि जुनी यंत्रे आपल्याकडे पुष्कळ. मूळ डीव्हीडीवरून सेव्हन टाकले, की ते अपडेट शोधत बसते आणि शेवटी चूक दाखवते. लोक म्हणतात नेट खराब आहे. नेट चांगले असते. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपडेटवरची सही बदलली, एसएचए-१ जाऊन एसएचए-२ आली. जुन्या सेव्हनला नवी सही वाचताच येत नाही, आणि जुन्या सहीची सोय २०२० मध्ये बंद झाली. म्हणजे अपडेट घ्यायला आधी एक अपडेट हवी! उपाय असा : सर्व्हिस पॅक १ असलेल्या सेव्हनवर आधी केबी ४४९०६२८, मग केबी ४४७४४१९, दोन्ही हाताने बसवावीत आणि यंत्र बंद करून चालू करावे. त्यानंतर केबी ३०२०३६९ आणि तिच्यावर केबी ३१२५५७४. ही शेवटची फाईल एप्रिल २०१६ पर्यंतच्या बहुतेक दुरुस्त्या एकगठ्ठा देते. बसवताना नेटची वायर काढलेली असू द्या, नाहीतर फाईल हाताशी असूनही ते नेटवर शोधत वेळ काढते. 'ही अपडेट तुमच्या संगणकाला लागू नाही' असे आले, तर घाबरू नका. बिट चुकले, आधीची पायरी राहिली, किंवा ती आधीच बसलेली आहे, यांपैकी एक. एवढे करूनही सेव्हनचा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपलेला आहे. त्या यंत्रावर लिखाण करा, जुना प्रिंटर चालवा. बँकेचे व्यवहार नकोत, हे माझे स्पष्ट मत.

आता जे कोणी सांगत नाही ते. नवे विंडोज आपल्या दोन्ही भाषांचे जुने फॉन्ट घेऊन येत नाही. आपल्या घरांत एकाच यंत्रावर मराठी श्रीलिपीत आणि कन्नड नुडीत किंवा बरहात लिहिलेले असते. त्यातले बरेच युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे. फॉन्ट गेला, की फाईल जशीच्या तशी असूनही पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. ओळखीच्या एका घरात आजोबांनी वंशावळ मराठीत आणि शेताच्या उताऱ्यांच्या नोंदी कन्नडमध्ये टाईप केल्या होत्या. फॉरमॅटनंतर नातवाने त्या उघडल्या, काहीच लागेना, म्हणाला, "अज्जा, फायली खराब झाल्या," आणि पुसून टाकल्या. त्या खराब नव्हत्या हो! आजोबांनी पुन्हा लिहायला घेतले, पण चार पिढ्यांमागची नावे ज्यांना विचारावीत ती माणसे आता नाहीत.

म्हणून कंट्रोल पॅनेलमधले फॉन्टचे फोल्डर उघडावे आणि आपले मराठी-कन्नड फॉन्ट पेन ड्राईव्हवर कॉपी करून घ्यावेत. त्यांचे मूळ सॉफ्टवेअर आणि त्याची किल्लीही. विंडोज १० वर आणखी एक खोच आहे. एक्सपीत देवनागरीचा मंगल आणि कन्नडचा तुंगा सोबतच असत. विंडोज १० मध्ये ते दोन्ही जादा फॉन्ट म्हणून वेगळे काढले, आणि ती भाषा जोडली की नेटवरून येतात. नेट नसेल तर निर्मला फॉन्टमध्ये मजकूर वाचता येतो, पण पानांची मांडणी हलते. लग्नपत्रिका छापणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

फायली बनवणाऱ्याच्याच साईटवरून घ्याव्यात. 'सगळे एकात' म्हणून हातोहात फिरणाऱ्या पेन ड्राईव्हवरच्या नकोत. फाईलवर उजवे क्लिक करून गुणधर्म पाहिले, की डिजिटल सहीचा भाग असतो, तिथे नाव तपासावे. विंडोज टाकताना वायर काढलेली, वायफाय बंद. आधी ड्रायव्हर, मग अपडेट, मग डिफेंडरची विषाणूंची नवी यादी (तीही वेगळी फाईल म्हणून मिळते), आणि सर्वांत शेवटी नेट. साईटच उघडत नसतील तर कोपऱ्यातले घड्याळ पाहा. मदरबोर्डवरचा सेल मेला असेल तर तारीख कुठल्या कुठे जाते, आणि तारीख चुकली की सुरक्षित साईट उघडत नाहीत. सेल नाण्याएवढा असतो, बाजारात सहज मिळतो.

यातले काहीच 'आमेले नोडोण' म्हणून ठेवू नका, कारण निळे पान आल्यावर यातले निम्मे करता येत नाही. पेन ड्राईव्ह भरला, की तो दुसऱ्या यंत्राला लावून एक मराठी आणि एक कन्नड फाईल उघडून पाहा. दोन्ही वाचता आल्या तरच दुरुस्तीवाल्याला हो म्हणा. आणि केबी नंबर कोणत्या क्रमाने बसवायचे ते वहीत लिहा. वही टेबलाच्या खणात ठेवा, संगणकात नव्हे.